माझं टोकन झेंडीच्या डब्यात निघालं

माझ्या नवऱ्याला अध्यक्ष व्हायचं होतं आणि मी त्याला मत दिलं नाही. एवढीच गोष्ट आहे. पण लोकांनी तिला इतके फाटे फोडले, की कोणी म्हणतं मी भर सभेत नवऱ्याची अब्रू काढली, कोणी म्हणतं मला दुसऱ्यानं फितवलं, आणि माझी धाकटी जाऊ तर मरेपर्यंत सांगत होती की बिचारीला काही कळत नव्हतं, डबा चुकला. डबा चुकला नव्हता. आता मी ऐंशीच्या घरात आहे, माझ्यासोबत त्या दिवशी तिथं उभं असलेलं कोणी उरलेलं नाही, म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवते. लिहिताना शाळेतली भाषा लिहिते, कारण लिहायला शिकले ती तीच. बोलतो आम्ही आमचीच.

भिलाईत तेव्हा पहिली भट्टी उभी राहत होती. आम्ही नागपूर-वर्ध्याकडून आलेली पन्नासेक घरं कोहक्याच्या अंगाला तट्ट्यांच्या झोपड्यांत राहायचो. दीक्षा घेऊन सव्वा-दीड वर्ष झालं होतं. जुने देव गावच्या नदीत सोडून आलो होतो, आणि नव्या जागी आपलं म्हणावं असं काय, तर एक निंबाचं झाड, त्याच्याखाली मातीचा ओटा आणि वर्षातून एकदा येणारी जयंती. ओटा, झाड आणि जयंती सांभाळायला समिती होती. समितीला अध्यक्ष होता. अध्यक्षाला काय मिळायचं म्हणाल तर एक खुर्ची. पण आम्ही जिथून आलो तिथं आमच्या माणसाला कोणी खुर्ची दिली नव्हती, तेव्हा त्या खुर्चीला कोणी हसू नये.

मी रेजा होते, म्हणजे बांधकामावरची बाईमजूर. भट्टीच्या आत अस्तर लावायचं काम चाललं होतं, त्याच्या विटा डोक्यावरून मिस्त्र्यांपर्यंत पोचवायच्या. माझा नवरा खलाशी. समुद्रावरचा नव्हे, लोखंडाच्या तुळयांना दोर बांधायचा आणि खाली उभं राहून क्रेनवाल्याला हातानं आणि शिट्टीनं इशारे द्यायचे, ते काम. त्याची शिट्टी वाजली की वर टांगलेलं दहा टनाचं लोखंड जागच्या जागी थांबायचं. रशियन साहेब त्याची पाठ थोपटून जायचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. बायकोनं नवऱ्याविरुद्ध काही केलं की लोकांना तो दारुडा तरी हवा असतो नाही तर मारकुटा. माझा यातला कोणी नव्हता. बोलायला गोड होता, गर्दीत शोभायचा, आणि आपण शोभतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या वर्षी त्यानं जाहीर केलं, "आपल्या जयंतीले दुर्गचा बँड आनतो. ट्रकवर फोटो ठेवतो, साऱ्या कँपातून मिरवनूक नेतो. लोकायले समजलं पायजे आपन कोन आहो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, बँड मलाही आवडतो.

त्याच्याविरुद्ध उभा राहिला एक पॉइंटमन. कारखान्याच्या यार्डात गाड्यांचे रूळ बदलायचं काम करायचा, हातात कायम हिरवी झेंडी. वयानं आमच्यापेक्षा मोठा, सडपातळ, तोंडात जीभ आहे की नाही अशी शंका यावी असा. तो बोलायला उभा राहिला की लोक बिड्या काढत. त्याचं सगळं भाषण इतकंच होतं: "बँड नाही आनत. चार कंदील घेऊ. ज्याले वाचता येत नाही त्यानं रोज सांजच्याले झाडाखाली यावं. मी शिकवतो. बायाबी या." आणि खाली बसला. टाळ्या फारशा झाल्या नाहीत. माझ्या मात्र अंगावर काटा आला, आणि तो का, हे सांगायला मला एका कार्डाची गोष्ट सांगावी लागेल.

निवडणुकीच्या चार महिने आधी गावाहून पोस्टकार्ड आलं होतं. माझ्या भावानं शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. मला अक्षर येत नव्हतं. नवरा चौथी शिकलेला, तो वाचून दाखवायचा. चुलीपाशी बसून त्यानं वाचलं, "सारं बरं आहे म्हनते. तुही माय बरी आहे. गायीले गोऱ्हा झाला." मी म्हटलं, "एवढं मोठं कार्ड, अन् एवढंच?" तर म्हणाला, "मास्तरचं अक्षर मोठं आहे." मी हसले आणि भाकरी उलटली.

त्यानंतर महिनाभरानं भाऊ स्वतःच आला. त्याच्या हातात आईचं लुगडं होतं, घडी करून आणलेलं. दारातच म्हणाला, "माय वाट पाहून पाहून गेली. रोज दाराकडं पाहे. चिठ्ठी धाडली होती ना तुले? आली कावून नाही?"

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होता. म्हणाला, "चिठ्ठीत तसं नवतं." भाऊ म्हणाला, "म्या मास्तरले सांगतलं होतं ना." "मास्तरनं लिहिलं नसंल," हा म्हणाला. भावाला वाचता येत नाही, मला वाचता येत नाही. ज्याला येतं तो म्हणतो तसं लिहिलेलंच नाही. बोला आता.

त्याचं कारण मला न सांगता कळलं होतं. ते दिवस अस्तराच्या घाईचे होते. आठ दिवस जो गावी गेला त्याचं टोकन, म्हणजे हजेरीचा पितळी बिल्ला, दुसऱ्याला मिळायचं. गेटावर रोज माणसं बसून असायची, कोणाचं टोकन सुटतं याची वाट बघत. मी गेले असते तर माझं काम गेलं असतं, हे खरं. त्याला आठ दिवस स्वतःच्या हातानं भाकरी थापाव्या लागल्या असत्या, हेही खरं. पण आई माझी होती. जायचं की नाही, हे मी ठरवायचं होतं. कदाचित मीच नसते गेले. तेही मला आता कधी कळणार नाही, आणि या गोष्टीचा मला तेव्हा जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही.

मी भांडले नाही. कार्ड पेटीत तळाशी, आईच्या लुगड्याच्या घडीत ठेवलं. कोणाकडूनही वाचून घेता आलं असतं, वस्तीत दहा-बारा जणांना वाचता येत होतं. पण पुन्हा तेच झालं असतं: तो वाचणार, मी ऐकणार, आणि तो काय गाळतो ते मला समजणार नाही. मला ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं. आणि ते पॉइंटमन अध्यक्ष झाला तरच होणार होतं. बँडवाल्याच्या राज्यात कंदील कोण घेतो?

आता मताचं सांगते. आदल्या वर्षी हात वर करून निवड झाली होती आणि लोकांनी दोन्ही हात वर केले होते. काहींनी शेजाऱ्याचाही धरून वर केला. मोजणी तीनदा झाली आणि तिन्ही वेळा वेगळी आली. म्हणून यंदा समितीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं, तो भट्टीत विटा लावायचा, सगळ्यांचा मान असलेला माणूस, पेटीनं मत घ्यायचं ठरवलं. देशाच्या निवडणुकीत आम्ही पाहिलं होतं: प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चित्र, पडद्याआड जायचं आणि आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. पण कागद टाकला तर एकजण पाच टाकेल. मग काय टाकावं? कोणी म्हणालं खडा, तर खड्यांना काय तोटा? तेवढ्यात एक वेल्डर उठला. माझ्या नवऱ्याचा जिवाभावाचा दोस्त, रोज एका ताटात जेवणारा. त्यानं गळ्यातलं पितळी टोकन काढून हातावर आपटलं.

"हे टाका. टोकन म्हंजे मानूस. हात दोन वर करता येते बे, दुसरं टोकन कोठून आनसान?"

सगळे खूश. टोकन आमच्या गळ्यात सुताच्या दोरीनं बांधलेलं असायचं. पहाटे गेटावर ते दाखवलं की हजेरी, नाही दाखवलं की घरी. त्याच्याशिवाय आम्ही आंघोळीलासुद्धा बसायचो नाही. एका माणसाला एकच टोकन, याहून सरळ हिशोब कोणता?

त्यातून एक गोष्ट आपोआप झाली. ज्याला टोकन त्याला मत. म्हणजे घरी राहणाऱ्या बायांना मत नाही, पण आम्हा नऊ रेजांना आहे. दोघा-तिघांनी कुरकुर केली. माझा नवराच त्यांच्यावर खेकसला, "टोकन म्हंजे मत, ठरलं ना? मंग बाईचं असो का बुवाचं." घरी येताना मला म्हणाला, "आपल्या घरात दोन मतं आहे, त्याच्या घरात एकच." त्या पॉइंटमनची बायको घरीच असायची. मी म्हटलं, "हाव ना." खोटं मी काहीच बोलले नाही.

मतदान सुट्टीच्या दिवशी दुपारी झालं. झाडाला ताडपत्री बांधून आडोसा केला, आत ग्रीसचे दोन रिकामे डबे ठेवले. एकावर शिट्टी टांगली, दुसऱ्यावर हिरवी झेंडी. वेल्डरचं डोकं पुन्हा चाललं. म्हणाला, डबे लहान-मोठे आहेत, टोकन पडलं की वेगवेगळा आवाज येईल, बाहेर बसलेल्याला कळेल कोणी कुठं टाकलं. म्हणून दोन्ही डब्यांच्या तळाशी गोणपाट घातलं. मत गुप्त राहिलं पाहिजे! मिस्त्रीनं स्वतः एकेक टोकन टाकून कान लावून पाहिलं. इतकी काळजी घेतली आम्ही. आणि त्या टोकनावर बोटाएवढे मोठे आकडे ठोकलेले होते, प्रत्येकाचे वेगळे, हे वस्तीतल्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. मलाही नाही. तो आमचा आकडा थोडाच होता, ते आम्हीच होतो. स्वतःच्या तोंडावर काय लिहिलंय ते कोण वाचत बसतं?

माझी पाळी आली. आत गेले, गळ्यातलं टोकन काढलं. शिट्टी वाऱ्यानं डब्यावर टकटक करत होती. मला वाटलं, हा माणूस माझ्या तापात तीन रात्री जागला आहे. मग वाटलं, आणि गायीला गोऱ्हा झाला. झेंडीच्या डब्यात टोकन टाकलं. आवाज आला नाही. बाहेर आले तर नवऱ्यानं मान हलवून विचारलं, झालं? मीही मान हलवली.

उन्हं कलताना मोजणी झाली. मिस्त्रीनं दोन पोती अंथरली, एकावर शिट्टीचा डबा उलटा केला, दुसऱ्यावर झेंडीचा. दहा-दहाच्या ओळी लावल्या, विटा लावतो तशा. शिट्टीला एक्केचाळीस, झेंडीला त्रेपन्न.

कोणी ओरडलं नाही. बिड्या ओढत भाषण ऐकणाऱ्यांनी त्याला मतं कधी दिली, हे त्यांचं त्यांनाच कळलं नसावं. माझा नवरा आधी हसला. मोठ्यानं. मग उठून पॉइंटमनचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. शोभला. मला वाटलं, सुटले. बारा मतांनी पडला. माझं एक इकडचं तिकडं झालं असतं तरी पडलाच असता. मी मनातल्या मनात त्याची माफीसुद्धा मागून टाकली.

तेवढ्यात तो वळला. "पन मिस्तरी, टोकन खरे आहे का थे पाहा. परवा गेटावर डब्याचा पत्रा कापून बनवलेलं सापडलं होतं. एकएक नंबर वाचा, अन् ज्याचं त्याच्या हातात द्या."

तेव्हा मिस्त्रीच्या ध्यानात आलं. म्हाताऱ्याचा चेहराच सांगत होता. त्यानं एकदा या पोत्याकडं पाहिलं, एकदा त्या. "राहू दे ना बाप्पा," म्हणाला, "सारे एकात मिसळतो, ज्यानं त्यानं आपलं उचला," आणि झेंडीचं पोतं उचलायला वाकला. नवऱ्यानं डब्यावरची शिट्टी ओढून तोंडात घातली आणि वाजवली. शिट्टी ऐकली की आमच्याकडं सगळ्यांचे हात जिथल्या तिथं थांबायचे, वर लोखंड टांगलेलं असायचं ना, ती सवय. मिस्त्रीचेही थांबले.

"वाचा," नवरा म्हणाला.

शिट्टीचं पोतं झालं. एकेक नंबर पुकारला की माणूस छाती काढून यायचा, नवरा त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. मग झेंडीचं सुरू झालं. पहिले दोघे यार्डातलेच होते. तिसरा नंबर पुकारला आणि कोणी उठेना. पुन्हा पुकारला. वेल्डर उठला. एका ताटात जेवणारा, गोणपाट घालणारा. लोकांत आधी चुळबुळ आणि मग असा हशा पिकला म्हणता! "हात चुकला भाऊ, आत अंधार होता," तो म्हणाला. दुपारच्या उन्हात अंधार! त्यानंतर मात्र कोणी हसेना, कारण आता सगळ्यांना कळलं होतं. चार-पाच जण लघवीला म्हणून उठले आणि आलेच नाहीत. त्यांची टोकनं मिस्त्रीनं बाजूला ठेवली. नवरा एकेकाकडं पाहत उभा होता. त्याला आता थांबवताही येईना, त्यानंच मागितलं होतं. पुढल्या वर्षीपासून आम्ही चिंचोके मोजून द्यायला लागलो, पण ते पुढल्या वर्षी.

मिस्त्रीनं एक टोकन उचललं, जरा जास्त वेळ पाहिलं, डोळे वर न करता आपल्या गुडघ्याखाली सरकवलं आणि पुढचं घेतलं. मी पाहिलं. दुसरं कोणी पाहिलं नाही.

पोतं संपलं. लोक अंग झटकत उठायला लागले. नवरा खोकलला, गमछा खांद्यावर टाकला. माझा नंबर आला नाही, म्हणजे शिट्टीच्या ढिगात कधीतरी मी माझं घेऊन गेले असेन, असं त्यानं धरलं असावं. तेव्हा त्याचं बायांकडं लक्ष नव्हतं. मी गप्प बसले असते तर म्हाताऱ्यानं अंधार पडल्यावर टोकन कोणाच्या तरी हाती घरी धाडलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

पण मला संताप आला. मिस्त्रीनं माझ्या भल्यासाठीच केलं होतं, हे मला कळत होतं, आणि म्हणूनच आला. पुन्हा एक वाचणारा बसला होता आणि हिला काय ऐकवायचं, काय नाही, ते त्यानंच ठरवलं होतं. भल्यासाठी!

"मिस्तरी," मी म्हटलं, "माहा नंबर राहिला. सहाशे तेरा."

म्हातारा गडबडला. "हाव बाई, हे... इकडं पडलं होतं."

"पडलं नवतं. झेंडीच्या डब्यातलं आहे. वाचा."

त्यानं वाचलं. सहाशे तेरा. मी जाऊन घेतलं, गळ्यात घातलं. रस्त्यावर अहिवाऱ्याकडून येणारा दगडांचा ट्रक गियर बदलत होता. पॉइंटमन जमिनीकडं पाहत होता. नवऱ्याकडं मी पाहिलं नाही. घरी गेले आणि चूल पेटवली.

तो आला, जेवला. हात उचलला नाही, आवाजही नाही. वस्तीनं मात्र त्याला सोडलं नाही. नळावर, गेटावर, जाईल तिथं. "घरचंच मत नाही भेटलं, बाहेरचं काय भेटते?" वेल्डर तर असा वागायचा जणू त्याचं टोकन कधी निघालंच नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, नवरा कोणाला काय म्हणणार? त्यानं शिट्टी फक्त कामापुरती तोंडात घालायला सुरुवात केली. मला वाईट वाटत होतं. पण मी चुकले असं एकदाही वाटलं नाही.

चौथ्या दिवशी, जेवताना, ताटाकडं पाहत त्यानं विचारलं, "कावून?"

मी उठले, पेटीतून कार्ड काढलं आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यानं ते ओळखलं. हात धुतला, कार्डाला शिवला नाही आणि पाळीला निघून गेला. मी ते परत लुगड्यात ठेवलं.

जयंती साधी झाली. त्यानंतर झाडाखाली चार कंदील लागले. पहिल्या दिवशी आम्ही अकरा जण होतो, त्यात सहा बाया. पॉइंटमन सभेत जितका मुका तितकाच तिथं बोलका. एकेका अक्षराला तास घालवायचा. मला वाटलं होतं आठ दिवसांत वाचायला येईल. आठ दिवसांत मला फक्त पाटी पुसता यायला लागली. विटा वाहून मान आखडलेली असायची, डोळे मिटायचे. दोन बाया गळाल्या. मी गळाले नाही. नवऱ्यानं जा म्हटलं नाही, नको जाऊ म्हटलं नाही. एक दिवस परतले तर चुलीवर भाकरी होत्या, जाड, कडेला करपलेल्या. मी खाल्ल्या.

दिवाळीच्या सुमारास मला जोडाक्षरं लागायला लागली. मी कार्ड काढून बसायचे, पण मास्तरचं अक्षर मोठं कसलं, मुंगीएवढं होतं, आणि गिचमिड. पहिल्या ओळीतलं "आईची" लागलं. पुढचं "तब्येत" लागायला तीन दिवस गेले. त्याच्या पुढचं लागेना.

एका सुट्टीच्या दुपारी मी अशीच दारात बसले होते. नवरा रिसालीच्या तळ्यावरून आंघोळ करून आला. ओल्या अंगानंच माझ्याशेजारी टेकला आणि हात पुढं केला. "आन. मी वाचतो."

मी कार्ड दिलं, पण सोडलं नाही. एक कोपरा धरून ठेवला. त्यानं माझ्या बोटांकडं पाहिलं आणि वाचायला लागला. आईची तब्येत फार खालावली आहे. अंथरुणावरून उठत नाही. चार दिवस अन्न घेतले नाही. लेकीला पाहण्याची इच्छा आहे. आठ दिवसांकरिता तरी पाठवून द्यावे. हे पत्र तारेसारखे समजावे. प्रत्येक ओळीखालून मी बोट फिरवत होते. एकही शब्द त्यानं सोडला नाही. शेवटी, खरोखरच, गायीला गोऱ्हा झाल्याचं होतं. ते त्यानं दोनदा वाचलं. थांबून म्हणाला, "तुहं टोकन गेलं असतं." मग म्हणाला, "माहं चुकलं."

मी अजून कार्डाकडंच पाहत होते. जागा संपली की मास्तर लोक कार्ड फिरवून कडेला उभी ओळ लिहितात, तशी एक ओळ होती. त्यानं कार्ड फिरवलं नव्हतं.

"कडंची राहिली," मी म्हटलं.

त्यानं कार्ड माझ्या हातात सोडून दिलं. "थे मले नाही वाचता येत. तू वाच."

मी कार्ड आडवं केलं. अक्षर अक्षर लावत, अडखळत, मागं येत, मोठ्यानं वाचलं. जावईबापू मनाचे मोठे आहेत, ते तुला पाठवल्याशिवाय राहायचे नाहीत, असे आई सारखी म्हणते.

वाचायला मला बराच वेळ लागला. तोवर तो तिथंच बसून होता.